आरएक्स १०० की सीडी १००? दोन्ही एकाच मापानं तपासायची रीत

१९८५ साली शंभर सीसीच्या दोन जपानी मोटरसायकली आपल्या रस्त्यांवर आल्या. एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या तांत्रिक सहकार्यानं काढलेली आरएक्स १०० आणि हिरो-होंडाची सीडी १००. कागदावर पाहिलं तर सख्ख्या बहिणी. दोघींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, आरएक्सची ५०, सीडीची ४९.५. म्हणजे एक ९८ सीसी, दुसरी ९७.२. पण आरएक्स टू-स्ट्रोक, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. सीडी फोर-स्ट्रोक, दोन फेऱ्यांना एक. तेवढ्याच मापाच्या पिस्टनमधून एकीला ११ हॉर्सपॉवर मिळते आणि दुसरीला साडेसातच्या आसपास, ती याचमुळे.

आज यातली जुनी गाडी विकत घ्यायला निघालात तर मात्र हे आकडे बाजूला ठेवा. तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत मॉडेलपेक्षा समोरचा नग महत्त्वाचा, आणि या दोन गाड्या वेगवेगळ्या कारणांनी बिघडलेल्या असतात. आरएक्सची वाट मालकांच्या हौसेनं लावली: बोअर वाढवला, पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची भोकं) घासले, सायलेन्सर पोकळ केला. सीडीची वाट लावली विसराळूपणानं. ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट’ ही तिची जाहिरात होती, आणि त्यातला तिसरा सल्ला लोकांनी फारच मनावर घेतला. म्हणून आरएक्स तपासताना ‘काय बदललंय’ हे शोधायचं आणि सीडी तपासताना ‘काय केलंच नाही’ हे.

शक्य असेल तर दोन्ही गाड्या एकाच सकाळी पाहा आणि विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. गरम इंजिन निम्मे दोष झाकतं. पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे सिलिंडरला हात लावणं. कोमट लागला तर चहा घ्या, तासभर थांबा, नाहीतर दुसऱ्या दिवशी या.

बरोबर काय न्यायचं: २१ आणि १६ नंबरचे प्लगपाने (पहिला आरएक्ससाठी, दुसरा सीडीसाठी), वर्निअर (व्यास मोजायला), फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातांचा जुडगा), कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायला) आणि त्याचे दोन्ही आट्यांचे अडॅप्टर, मल्टिमीटर, टॉर्च, फ्रिजला लावतात तसलं छोटं लोहचुंबक, पांढरं फडकं, कोरा कागद आणि पेन्सिल. कॉम्प्रेशन गेज नसेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून दिवसापुरता मागून आणा. ते एक सोडलं तर बाकी सगळं पिशवीत मावतं.

कागद आधी, किक नंतर

नोंदणी पुस्तकावरचं (आरसी) उत्पादनाचं वर्ष पाहा. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. पुस्तकावर १९९८ असेल आणि टाकीवर ‘आरएक्स १००’चं स्टिकर असेल तर ती पुढच्या आरएक्स मालिकेतली गाडी आहे, वरून नुसता पोशाख चढवलेला. वाईट गाडी असेलच असं नाही, पण आरएक्स १०० च्या भावानं घ्यायची नाही. सीडीच्या बाबतीत उलटा प्रकार होतो. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरचं इंजिन त्याच ९७.२ सीसीच्या घराण्यातलं, त्यामुळे सीडीचं इंजिन दमलं की कुणीतरी स्प्लेंडरचं बसवून टाकतं. चालायला उत्तम, पण पुस्तकावरचा इंजिन नंबर जुळत नाही आणि आरटीओत फाइल तिथंच अडते.

नंबर डोळ्यांनी वाचून भागत नाही. चेसिस नंबर हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. तिथला तेलकट थर फडक्यानं पुसा, कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासा. अक्षरं कागदावर उठतात. चांगल्या छापात सगळी अक्षरं एका उंचीची आणि सारख्या खोलीची दिसतात. एखादा आकडा जाड, एखादा तिरका किंवा अक्षरांच्या मागं घासल्याच्या बारीक समांतर रेघा उठल्या तर तिथं कुणीतरी ग्राइंडर फिरवलाय. इंजिनच्या नंबरचाही असाच छाप घ्या. हे दोन कागद घरी आणून पुस्तकाशी ताडा. गडबड असेल तर गाडी कितीही गोड वाजत असली तरी विषय संपला.

मुंबईत नोंदणी कुठली ते नंबरावरून कळतं: एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. १९८९ पूर्वीच्या गाड्यांवर एमएच नसतं, तीन अक्षरं आणि पुढं आकडे असतात. अशा जुन्या, हाती लिहिलेल्या पुस्तकांची नोंद ‘वाहन’ प्रणालीत चढलेली आहे का ते एम-परिवहन अॅपवर नंबर टाकून बघा. नसेल तर आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते, आणि ती मूळ मालकाच्या नावावर असतानाच विक्रेत्यानं केलेली बरी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण होतं. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाची मुदत संपलेली असेल तर दंडाचा आकडा पोर्टलवर काढा आणि भावातून वजा करा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, जुनं कर्ज नोंदलेलं असेल तर ३५, परराज्यातली गाडी असेल तर २८. उच्च सुरक्षा नंबरप्लेट एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही सक्तीची आहे. ती बसलेली नसेल तर तोही खर्च तुमचाच.

पीयूसीची भीती बाळगू नका. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएम अशी सैल मर्यादा आहे. ठीकठाक आरएक्सही त्यात बसते. बसत नसेल तर पीयूसीवाल्याशी वाद घालण्यापेक्षा कार्बोरेटर उघडा.

आरएक्स: हौसेचा हिशेब

थंड गाडी, चोक ओढलेला, दोन-तीन किकांत चालू व्हायला हवी. सुरुवातीला निळसर-पांढरा धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे. दोनेक मिनिटांत तो विरळ व्हायला हवा. इंजिन गरम झाल्यावरही मागचा माणूस दिसेनासा होईल इतका पांढरा धूर येत असेल तर दोन शक्यता: ऑइल पंप जास्त तेल सोडतोय, किंवा उजव्या बाजूचं क्रँक सील (क्रँकच्या टोकाची रबरी कडी) गेलंय. उजव्या बाजूला क्लच आणि गिअरचं तेल असतं. सील कडक झालं की क्रँककेस ते तेल आत ओढते आणि जाळते. ओळखायचं कसं? विक्रेत्याला विचारा, गिअर ऑइल मध्ये कधी टॉप-अप करावं लागतं का. ‘थोडंसं टाकतो अधूनमधून’ असं उत्तर आलं तर सीलच. गिअर ऑइल कमी व्हायला दुसरा रस्ता फक्त गळतीचा, आणि ती खाली फरशीवर दिसते.

डावं सील मॅग्नेटच्या, म्हणजे वीज बनवणाऱ्या चाकाच्या बाजूचं. ते गेलं की तेल नाही, हवा आत येते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि त्याची खूण अगदी ठळक असते: रेस देऊन सोडली की इंजिन लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच रेंगाळतं आणि मग उतरतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधल्या रबरी जोडावर डब्ल्यूडी-४० चा हलका फवारा मारा. आवाज बदलला तर हवा त्या रबरातून येतेय, स्वस्तात सुटलात. बदलला नाही तर डावीकडच्या सीलवर संशय घ्या. हा दोष घेऊन महामार्गावर गेलं की पिस्टन चिकटतो, आणि लोक दोष तेलाला देतात.

आता मुद्द्याचं: हे इंजिन खरंच शंभरचं आहे का? आरएक्स १३५ चा स्ट्रोकही ५० च, बोअर मात्र ५८. त्यामुळे मोठा ब्लॉक (सिलिंडरचा भाग) चढवण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. विक्रेता तयार असेल तर हेड उतरवून पाहणं हा एकमेव पक्का पुरावा, आणि आरएक्समध्ये ते पंधरा मिनिटांचं काम आहे. प्लग काढा, हेडचे चारही नट तिरपे-तिरपे थोडे थोडे ढिले करा, हेड सरळ वर उचला. आत तीन गोष्टी पाहायच्या.

एक, बोअर. वर्निअरची आतली जबडी लावून मोजा. नव्या गाडीत ५०.००. पिस्टनच्या माथ्यावर साइझ ठोकलेला असतो: २५, ५०, ७५ किंवा १००, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण किंवा एक मिलिमीटर ओव्हरसाइझ. काहीच नसेल तर स्टँडर्ड. शेवटचा साइझ चालू असेल तर पुढच्या बोअरला जागा नाही. मग स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवणं किंवा ब्लॉक शोधणं आलं, आणि अस्सल ब्लॉक हल्ली दागिन्याच्या भावानं विकला जातो. भाव ठरवताना हा एक ठोकलेला आकडा किलोमीटरच्या मीटरपेक्षा जास्त खरं बोलतो.

दोन, भिंत. पिस्टन खाली न्या, टॉर्च मारा. होनिंगच्या, म्हणजे बोअर करताना मुद्दाम उठवलेल्या, फुलीसारख्या बारीक रेघा दिसत असतील तर उत्तम. उभे चरे बोटाच्या नखाला लागत असतील तर गाडी एकदा तरी चिकटलेली आहे.

तीन, पोर्टांच्या कडा. कंपनीची कड गुळगुळीत आणि किंचित मारलेली असते. कानशीचे ओरखडे, वेडीवाकडी रुंदी, किंवा एक्झॉस्ट पोर्ट वर सरकवलेला दिसला तर ‘रेसिंग’चा प्रयोग झालाय. असं इंजिन वरच्या रेसला भन्नाट वाटतं आणि दादरच्या सिग्नलपासून परळपर्यंत पहिल्या-दुसऱ्यात रडतं. रोजच्या वापराला ते नकोच. हेड पुन्हा बसवताना गॅस्केट नवीच वापरा. तिचा खर्च स्वतः द्यायला तयार आहात असं आधीच सांगितलं तर विक्रेता सहसा नाही म्हणत नाही.

हेड उघडायला नकार मिळालाच तर सायलेन्सर पुढून सोडवून एक्झॉस्ट पोर्टमधून टॉर्च मारा. पिस्टनची पुढची बाजू आणि पोर्टची कड दोन्ही दिसतात. साइझ कळत नाही, चरे मात्र कळतात. त्याच वेळी सायलेन्सरची मागची नळी, म्हणजे बॅफल, ओढून पाहा. ती गायब असेल किंवा ड्रिलनं चाळणी केलेली असेल तर आवाज मोठा आणि खालचा ओढ कमी. वर मुंबईत चौकीवर उभं राहायची हमी. बॅफल जागेवर पण काजळीनं बुजलेला असेल तर ती चांगली बातमी: तारेच्या ब्रशनं घासा, हातमोजे घालून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवा, धुवा, वाळवा. अर्ध्या ‘पिकअप नाही’च्या तक्रारी इथंच मिटतात.

ऑइल पंपाबद्दल स्पष्ट विचारा: चालू आहे की बंद करून ‘मिक्स’वर (तेल पेट्रोलमध्येच मिसळून) चालवता? पुष्कळ गॅरेजवाले पंप काढून टाकतात, कारण पंपात हवा शिरली तर इंजिन जातं. पंप चालू असेल तर अॅक्सिलरेटर फिरवल्यावर त्याची लिव्हर हलायला हवी आणि तेलाच्या पारदर्शक नळीत बुडबुडा नसावा. खात्री नसताना पहिल्या टाकीला लिटरमागं २० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल पेट्रोलमध्येही टाका आणि तेलाच्या टाकीवर मार्करनं पातळीची खूण करा. पातळी उतरली की पंप काम करतोय, मग पुढच्या वेळेपासून साधं पेट्रोल. नुसत्या मिक्सवर चालणाऱ्या गाडीला लिटरमागं २५ मिली म्हणजे १:४०. नवीन पिस्टन बसवला असेल तर पहिल्या पाचशे किलोमीटरला ४० मिली. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित’ हा गैरसमज आहे. जास्त तेल तेवढ्याच जागेत पेट्रोल कमी करतं, मिश्रण पातळ होतं आणि प्लगही काळा पडतो.

सीडी: विसरलेल्या गोष्टी

सीडीत उघडण्याआधी ऐकायचं आणि हुंगायचं. इंजिन थंड असताना डिपस्टिक काढा, पुसा, आट्या न फिरवता नुसती टेकवा आणि पुन्हा काढा. या इंजिनात पातळी अशीच मोजतात. आट्या फिरवून मोजली तर असते त्यापेक्षा जास्त दिसते. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर पुढचं सगळं संशयानं बघा. या इंजिनात टू-स्ट्रोकसारखा वेगळा तेलाचा पुरवठा नाही. तेच एक लिटरभर तेल गिअर, क्लच आणि वर कॅमशाफ्टपर्यंत फिरतं. कमी पडलं तर आधी उपाशी राहतो तो सर्वांत दूरचा भाग, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि रॉकर. डिपस्टिकचा थेंब पांढऱ्या फडक्यावर पुसा. काळा चालेल, जुनं तेल आहे एवढंच. चकाकणारे कण, किंवा दुधाळ चहासारखा रंग चालणार नाही. दुधाळ म्हणजे पाणी, आणि मुंबईत ते हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या पावसात तुंबणाऱ्या जागेतूनच आलेलं असतं.

किक मारल्यावर पहिल्या पाच-दहा सेकंदांत निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्हची सील थकलीत. रात्रभर तेल झिरपून खाली उतरतं आणि सकाळी जळतं. रेस देताना, चढावर, सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि बोअर. हे दोन धूर वेगळे ओळखता आले की खर्चाचा अंदाज निम्म्यानं अचूक होतो, कारण पहिल्याला हेडचं काम पुरतं आणि दुसऱ्याला ब्लॉक उतरवावा लागतो.

आवाज डाव्या बाजूला कान लावून ऐका. आयडलवर साखळी डब्यात हलवल्यासारखा खडखडाट आणि रेस वाढवली की कमी होणं: टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. वर हेडमध्ये शिवणयंत्रासारखी बारीक टिकटिक: टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट, आणि ती थोडी असलेलीच चांगली. अजिबात आवाज नसलेलं सीडीचं इंजिन बघून खूश होऊ नका. विकण्याआधी कुणीतरी टॅपेट आवळून आवाज बंद केलेला असतो. फट उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू फटीतून निसटतात आणि व्हॉल्व्हची कड जळते. महिनाभरात गाडी सकाळी चालू व्हायला नकार देते.

म्हणून फिलर गेज नेलंय. हेडवरच्या दोन गोल टोप्या उघडा. डाव्या कव्हरवरच्या झडपेतून मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवा. दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलायला हवेत. हलत नसतील तर इंजिन चुकीच्या फेऱ्यात आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. मग गेजचा पात रॉकर आणि व्हॉल्व्हच्या फटीत सरकवा: ०.०५ ते ०.०८ मिलिमीटरच्या आसपास, थंड इंजिनला. पात हलका अडकत पुढं गेला पाहिजे, लोण्यात सुरी जाते तसा. ०.०३ चा पातसुद्धा शिरत नसेल तर वरचा किस्सा घडलेला आहे. टोपी उघडली आहे तोवर टॉर्चनं रॉकरचं टोक पाहा. गुळगुळीत चमक ठीक, खड्डे म्हणजे कॅमही तसाच असणार.

कॉम्प्रेशन दोन्ही गाड्यांचं एकाच रीतीनं मोजा: प्लग काढा, गेज लावा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा धरा, काटा वर जायचा थांबेपर्यंत किका मारा. अॅक्सिलरेटर बंद ठेवून मोजलं तर हवा आत येतच नाही आणि चांगलं इंजिनही नापास होतं. शंभर पीएसआयच्या खाली काटा थांबला तर दोन्हींपैकी कुठल्याही गाडीत वरचं काम आलं. सीडीत कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. काटा लक्षणीय चढला तर रिंगा गळतात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह.

सीडीची चेन पूर्ण बंद कव्हरमध्ये असते. चिखलापासून वाचते, हे खरं. पण दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिच्याकडं कुणी पाहत नाही, हेही खरं. खालचं कव्हर उतरवा. मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागं ओढा: अर्धा दात उघडा पडला तर सेट बदलायचा. दात वाकून शार्कच्या पंखासारखे झाले असतील तर नुसती चेन बदलून उपयोग नाही, सगळा सेट एकदम घ्या. चेनची खालीवर ढिलाई २० ते ३० मिलिमीटर.

दोघींचा सांगाडा

खाऱ्या हवेचा मार दोन्ही गाड्यांना सारखाच. वरळी, वर्सोवा, कुलाबा असल्या समुद्राकाठच्या गाडीचं इंजिन ठीक असेल आणि खालचं लोखंड नसेल, असं सहज होतं. सीट उचला, बॅटरीच्या ट्रेखालचं चेसिस बघा. तिथं जुन्या बॅटरीचं अॅसिड सांडून पत्रा खाल्लेला असतो. टाकीत टॉर्च मारा. तळाला तपकिरी पूड असेल तर ती कार्बोरेटरमध्येही आहे. स्पोक निपलपाशी आणि सायलेन्सर खालच्या शिवणीपाशी आधी सडतो. टाकीवर लोहचुंबक फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं रंगाखाली पुट्टी आहे. एखादा पोचा भरलेला असणं समजू शकतो, पण टाकीच्या खालच्या कडेला पुट्टी म्हणजे गळती लपवलीय.

मुख्य स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी हळू डावी-उजवीकडं फिरवा. सरळ रेषेत एखाद्या खाचेत अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. चालताना गाडी त्यामुळं स्वतःच्या मनानं जाते. फोर्कचा पाइप बोटानं चाचपा: गंजाचे खड्डे असतील तर तेलाचं सील कितीही वेळा बदला, महिन्यात फाटणार. मागचं चाक आडवं हलवा, टकटक झाली तर स्विंगआर्मचे बुश. दोन्ही गाड्यांत हे काम स्वस्त आहे, पण स्टिअरिंग, फोर्क, बुश, चेन अशी चारही कामं एकत्र आली की रक्कम दिसते.

इलेक्ट्रिकमध्ये वेळ घालवू नका, फक्त बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ ची ते पाहून घ्या. बल्ब, हॉर्न, रेक्टिफायर सगळं त्यावर ठरतं, आणि चुकीचा बल्ब आणून उडवणारे रोज भेटतात. १२ व्होल्टची असेल तर मल्टिमीटर लावून रेस द्या. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवं. आयडलला हेडलाइट मंद पडणं त्या काळातल्या शंभरच्या गाड्यांत नेहमीचंच. त्यावरून भाव पाडायला जाऊ नका, विक्रेत्याला कळतं तुम्हाला काय माहीत आहे ते.

चालवून बघताना

एकच रस्ता, दोन्ही गाड्या, शक्यतो तेवढ्याच वेळात. त्यात एक चढण आणि एक सिग्नलची रांग असायला हवी. मुंबईत कुठलाही उड्डाणपूल चालेल, फक्त जे. जे. पूल, ईस्टर्न फ्रीवे, सी-लिंक आणि कोस्टल रोड दुचाकींना बंद आहेत हे लक्षात ठेवा.

चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर एकदम उघडा. इंजिनचा आवाज चढला पण गाडी पुढं खेचली नाही तर क्लच प्लेटा घसरताहेत. आरएक्सला खालच्या रेसला ओढ कमीच असते, मधल्या रेसनंतर ती अचानक जिवंत होते. हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. सीडी खालून एकसारखी ओढते आणि वर जाऊन थकते. पुलाच्या उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण सोडून खाली या आणि पायथ्याशी एकदम उघडा. सीडीमागं निळा ढग आला तर व्हॉल्व्हच्या सीलवरचा संशय पुन्हा एकदा पक्का झाला. आरएक्स असा लांब उतार अॅक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये उतरवू नका. पेट्रोल बंद म्हणजे त्यातून येणारं तेलही तुटतं, आणि क्रँक वेगात फिरतच असते. अधूनमधून थोडी रेस द्या किंवा क्लच दाबा.

दोघींना ड्रम ब्रेक. पावसात पाण्यातून आल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक जवळपास रिकामे जातात. चालता चालता ब्रेक हलका दाबून धरा, ड्रम गरम होऊन सुकतो. चाकाचा अक्ष बुडेल इतक्या पाण्यातून गेला असाल तर त्याच आठवड्यात ड्रम उघडून स्वच्छ करा. आरएक्सचं गिअर ऑइल आणि सीडीचं इंजिन ऑइल दुधाळ झालंय का तेही पाहा.

पेट्रोलचा हिशेब सरळ मांडा. रोज ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ७५० किलोमीटर. आरएक्स शहरात लिटरला ४० गेली तर पावणेएकोणीस लिटर, वर पावणेचारशे मिलीच्या पुढं टू-टी तेल. सीडी ६५ गेली तर साडेअकरा लिटर. दरमहा सव्वासात लिटरचा फरक, आणि हा फरक दोन्ही गाड्या निरोगी असतानाचा आहे.

आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची गोष्ट. दोन्ही गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. इथेनॉल जुनी रबरं फुगवतं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. त्या पाण्यानं टाकीच्या तळाशी गंज धरतो. घेतल्याबरोबर पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरमधली निडल नवी घाला. गाडी दहा-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा. इथेनॉलमुळं मिश्रण थोडं पातळ होतं. सीडी ते सोसते. आरएक्सचा प्लग मात्र हजार किलोमीटरनंतर काढून बघा: चॉकलेटी ठीक, पांढराफटक असेल तर मेन जेट एक नंबर मोठा करा आणि पुन्हा बघा. ‘फिरतेय ना, मग राहू दे’ म्हणून सोडलं तर पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

भाव बोलण्यापूर्वी दोन्ही गाड्यांच्या कामांची यादी करा आणि सुट्या भागांचे दर त्याच दिवशी फोनवर विचारा. सीडीला स्प्लेंडरच्या कृपेनं इंजिनचे भाग कुठल्याही नाक्यावरच्या दुकानात मिळतात. महाग आणि दुर्मीळ पडतात ते टाकी, मीटर, साइड पॅनेल आणि चेन कव्हर. म्हणून सीडी घेताना बाहेरून पूर्ण असलेली घ्या, इंजिन थकलेलं चालेल. आरएक्सचं बरोबर उलट: बाहेरचे डुप्लिकेट भाग भरपूर मिळतात, पण स्टँडर्ड किंवा पहिल्या साइझमधला अस्सल ब्लॉक आणि न घासलेलं हेड मिळत नाही. म्हणून आरएक्स घेताना रंग उडालेली, टाकी पोचलेली, पण आतून हात न लागलेली शोधा. चकचकीत रंगवलेल्या आरएक्सला दुप्पट भाव सांगतात तो बहुधा रंगाचा असतो. चोर बाजारात जुना ब्लॉक मिळालाच तर वर्निअर तिथंच काढा, घरी आल्यावर नव्हे.

व्यवहार झाला की पहिल्या आठवड्यात सीडीला तेल बदला आणि उजव्या बाजूचं कव्हर उतरवून तळाची जाळी व क्लचसमोरचा फिरता फिल्टर साफ करा. या फिल्टरला कागद नसतो, घाण फिरकीनं भिंतीला चिकटते आणि वर्षानुवर्षं तिथंच घट्ट होते. गाळ खरवडून काढताना त्यात धातूचे तुकडे किती ते बघा. मग पाचशे किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदला, कारण पहिलं तेल जुनी घाण सोडवण्यातच काळं होतं. आरएक्सला गिअर ऑइल, नवा प्लग, आणि गरज असेल तर दोन्ही क्रँक सील. इंजिन न उघडता डावं सील बाहेरून, मॅग्नेट काढून बदलता येतं, पण त्यासाठी योग्य पुलर हवा. हातोडीनं मॅग्नेट काढणारा मेकॅनिक दिसला तर गाडी तिथून ढकलत का होईना, बाहेर काढा.